टिळकवाडीची घरं मोजताना

टिळकवाडीतला पत्ता सांगताना आधी रेल्वेचं गेट सांगावं लागतं. पहिलं, दुसरं की तिसरं. मिरजेहून लोंढ्याकडे जाणारा हा रेल्वेमार्ग सदर्न मराठा कंपनीने 1880 च्या दशकात टाकला, तेव्हा बेळगावच्या या अंगाला शेतं आणि माळ होता. वस्ती मागून आली आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना वाढली. तिसऱ्या गेटावर आता उड्डाणपूल झालाय, तरी रिक्षावाल्याला ‘थर्ड गेट’ म्हटल्याशिवाय भागत नाही. गेटानंतर रस्ता येतो: आगरकर रोड, रानडे रोड, देशमुख रोड, रॉय रोड, सावरकर रोड. नाहीतर पेठ, मंगळवार किंवा शुक्रवार. आणि शेवटी घराचं नाव. नंबर प्रत्येक घराला आहे, पण जुन्या माणसांना तो उताऱ्यावर बघून सांगावा लागतो. त्यांच्या तोंडात ‘श्रमसाफल्य’च्या समोर, ‘मातृछाया’च्या मागच्या बोळात, असंच असतं.

ही नावं घराच्या फाटकाच्या खांबावर कोरलेली असतात. कुठे मराठीत, कुठे कन्नडमध्ये, काही ठिकाणी एका खांबावर हे आणि दुसऱ्यावर ते. नोकरीची सगळी वर्षं मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून काढली. नवीन बांधकामाचा प्लॅन मंजुरीला द्यायचा तर जागेवर आज जे उभं आहे तेही मोजून दाखवावं लागतं. भावाभावांत वाटणी करायची तरी मोजावं लागतं. त्यामुळे टिळकवाडीतली कितीतरी जुनी घरं मी आतून बघितली ती पाडली जाण्याच्या थोडं आधी. टेप, वही, पेन्सिल आणि टेपचं दुसरं टोक धरायला ऑफिसातला एखादा मुलगा. पुढच्या गेटापासून सुरुवात करून मागच्या परड्यापर्यंत, एकेक भिंत, एकेक खिडकी. ट्रेसिंग पेपरवर काढलेल्या त्या घरांतली बहुतेक आज नाहीत. त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

माझं माहेर समादेवी गल्लीत. गल्लीतलं घर म्हणजे रुंदी कमी आणि लांबी भरपूर. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. पुढे कट्टा, मग सोपा, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, न्हाणी आणि अगदी शेवटी आड. माजघराला खिडकी नाही, कारण खिडकी काढायची कुठे? छपरात एक काचेचं कौल बसवलेलं असायचं आणि दुपारी त्यातून उन्हाचा चौकोन जमिनीवर पडायचा. गणपत गल्ली, रामदेव गल्ली, अनसूरकर गल्ली, सगळीकडे थोड्याफार फरकाने हाच नकाशा. व्यापाराचं गाव असंच वाढतं. दाराशी रस्ता हवा, रस्त्यावर दुकान हवं, आणि रस्त्याकाठची जागा महाग म्हणून प्रत्येकाने पुढे थोडी आणि मागे खोल अशी घेतलेली. शहापूर तर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं, मधला रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं, पण पेठेतल्या घरांचा ढाचा तिकडेही याच घराण्यातला.

याच्या अगदी उलट टोकाला कॅम्प. 1818 मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला आणि पुढे छावणी वसली. तिथले बंगले एकरांत मोजायचे. मधोमध घर, चहूबाजूंनी व्हरांडा, उंच छप्पर, आणि स्वयंपाकघर मुख्य घरापासून वेगळं, मागे, नोकरांच्या खोल्यांजवळ. घरमालकाने रस्त्याशी काही संबंधच ठेवायचा नाही अशी ती रचना.

टिळकवाडीचं घर या दोघांच्या मधे जन्माला आलं, असं मोजत मोजत माझ्या लक्षात आलं. घर प्लॉटच्या मधे, पण पुढची जागा कमी आणि मागची जास्त. व्हरांडा फक्त पुढे, क्वचित एका बाजूने वळलेला. दारातून आत गेलं की दिवाणखाना, उजवीकडे किंवा डावीकडे एक ऑफिसची खोली, जिला बाहेरून वेगळं दार. वकिलांची पक्षकारांसाठी, डॉक्टरांची रोग्यांसाठी, प्राध्यापकांची विद्यार्थ्यांसाठी. घरातल्या बायकांच्या वावराला धक्का न लागता बाहेरचा माणूस येऊन जावा यासाठी ते दार. आत मात्र सगळं गल्लीतल्या घरासारखं: माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली. स्वयंपाकघर घराच्या पोटातच, कॅम्पसारखं बाहेर नाही. मागे पडवी, न्हाणी, तांब्याचा बंब ठेवायची जागा, धुण्याचा दगड आणि विहीर. पुढून बंगला आणि मागून वाडा. पुढच्या व्हरांड्याला रंगीत नक्षीच्या फरश्या आणि मागच्या पडवीला शहाबादी. ही विभागणी इतकी पक्की की नुसती फरशी बघून आपण घराच्या कुठल्या भागात आहोत ते सांगता यावं.

ही घरं कुणी बांधली? जहागीरदारांनी नाही. फार थोड्या अपवादांनी ती पगाराच्या, वकिलीच्या आणि व्यापाराच्या पैशातून उभी राहिली. जिल्ह्याचं ठिकाण, कोर्ट, कचेऱ्या, छावणी आणि शाळा-कॉलेजं. 1924 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं, महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते ते एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांड्यांनी ते भरवलं, आणि मंडपांची अख्खी नगरी, जिला विजयनगर नाव दिलं होतं, इथे उभी राहिली. एवढी जागा मोकळी मिळाली यावरूनच समजावं की तेव्हा इथे घरं किती विरळ असतील. आलेल्यांना पाणी हवं म्हणून विहीर खणली, तिचा खर्च 4,370 रुपये 3 आणे अशी नोंद सांगतात. ती काँग्रेस विहीर आजही आहे, शेजारी वीरसौध आहे, आणि पुढचा रस्ता काँग्रेस रोड. 2024 च्या डिसेंबरात शताब्दीला काँग्रेसची कार्यकारिणी तिथेच बसली, तेव्हा सगळं गाव दिव्यांनी उजळलं होतं.

अधिवेशनानंतरच्या दोन-तीन दशकांत वस्ती भरत गेली. 1945 मध्ये राणी पार्वतीदेवी कॉलेज, म्हणजे आरपीडी, सुरू झालं, शेजारी विज्ञानाचं जीएसएस, आणि प्राध्यापक मंडळी पायी कॉलेजला जाता येईल अशी घरं भाड्याने घेऊ लागली. पुलं काही काळ आरपीडीत शिकवायला होते, हे इथला प्रत्येक माणूस आपल्या घरातल्या पाहुण्याबद्दल सांगावं तसं सांगतो. मग घरमालकांनी परड्यात एक-दोन खोल्यांचं आउटहाउस बांधलं. पुण्याहून, कोकणातून, धारवाडहून आलेलं तरुण जोडपं पहिल्यांदा त्या खोल्यांत राहायचं आणि पुढे त्याच वस्तीत प्लॉट घ्यायचं. माझ्या सासूबाई अशाच एका आउटहाउसमध्ये संसाराला लागल्या. घरमालकीण कन्नड, या कोकणातल्या. पहिल्या पावसाळ्यात छप्पर कुठे गळतं हे त्या अजींनी हाताने दाखवलं, कारण दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पुढे सासूबाई कन्नड इतकं चांगलं बोलायला लागल्या की भाजीवाल्याशी भाव करताना मराठीत त्यांना जोर यायचा नाही.

पाऊस हाच या घरांचा खरा आर्किटेक्ट. बेळगाव साडेसातशे मीटरपेक्षा उंच, सह्याद्रीच्या कड्यापासून फार लांब नाही. जूनच्या मध्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत पश्चिमेचा वारा पाऊस आडवा मारतो. जी घरं मी मोजली, त्यांतल्या जाणत्या गवंड्याच्या घरांत पश्चिमेच्या भिंतीत खिडक्या कमी आणि लहान, छपराची वळचण तिथे जास्त पुढे आलेली. जोतं कमरेइतकं उंच. भिंती चिऱ्याच्या, दीड-दोन फूट जाड. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवा लागली की वर्षागणिक कठीण होत जातो. एका घरी पाडकाम चालू असताना गौंडी मला म्हणाला, “बाई, ह्यात सिमेंट न्हाई बघा, चुना हाय. पहार बी लागंना झालीया.” चिऱ्याच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा, आत दोन कोनाडे, एक भिंतीतलं कपाट सागवानी दारांचं. सागवान खानापूर-दांडेलीकडच्या जंगलातलं. असं कपाट नव्या फ्लॅटच्या आठ इंची भिंतीत बसवायला जागाच नसते.

कौलांबद्दल जरा जास्त लिहिते, कारण त्यांचा मला फार लळा. मंगळुरी कौल उचलून पाठ बघितली की कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला 1865 मध्ये पहिला कारखाना काढला. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने या मिशनचे कारखाने आपल्या ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणून जुन्या कौलावर बासेल मिशन दिसतं आणि नंतरच्यावर कॉमनवेल्थ. सुरुवातीला मी त्यावरून घराचं वय लावायचे, पण आमच्या ऑफिसातल्या जुन्या सुपरवायझरने समजावलं की कौल घराहून जास्त जगतं. एक घर उतरलं की त्याची धड कौलं दुसऱ्या छपरावर चढतात, आणि एकाच छपरावर चार कारखान्यांची नावं भेटतात. शंभर चौरस फुटांच्या छपराला साधारण दीडशे कौलं लागतात. मोठ्या घराच्या छपरावर पाच-सहा हजार. दर वर्षी मे महिन्यात माणूस वर चढवून फुटलेली बदलायची, सरकलेली जागेवर बसवायची, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा. याला घर शाकारणं म्हणतात आणि ते टाळलं की जुलैत वासे कुजायला लागतात. शाकारणारी माणसं आता मिळत नाहीत. जी आहेत ती साठीच्या पुढची, आणि त्यांची मुलं उद्यमबागेत फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये. त्यांनी तिथेच राहावं असं मलाही वाटतं. निसरड्या उतारावर अनवाणी चालण्याचं ते काम आहे.

एक गोष्ट नकाशावर काढताना माझा हात दर वेळी थबकायचा. मोजमाप करत मागे गेलं की कंपाउंडच्या भिंतीत एक लहान दार सापडतं, बाहेरच्या अरुंद बोळात उघडणारं. संडास त्या टोकाला, आणि त्याच्या मागच्या भिंतीला जमिनीलगत एक झडप. मैला उचलणाऱ्या माणसाने बोळातून यायचं, झडप उघडायची, भरून न्यायचं, आणि पुढच्या अंगणात त्याचं पाऊलही पडायचं नाही. भिंतीच्या चिऱ्यांत ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून आखलेली आहे. ड्रेनेज आल्यावर झडपा विटांनी बुजवल्या, दारांना कुलपं लागली. पण बुजवलेला चौकोन गिलाव्यातून ओळखू येतो. टिळकवाडीच्या घरांचं कौतुक मी मनापासून करते, आणि त्या कौतुकात तो चौकोन धरलेलाच असला पाहिजे असं मला वाटतं. ज्यांच्या कष्टावर हे मोकळं, स्वच्छ, फुलझाडांचं अंगण उभं होतं त्यांना राहायला इथे प्लॉट मिळाला नव्हता.

आता प्लॉटबद्दल. आमच्याकडे जागा गुंठ्यात बोलतात. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस. जुन्या टिळकवाडीत सात-आठ गुंठ्यांच्या जागेत दोन-सव्वादोन गुंठ्यांचं घर असायचं. उरलेली जमीन काय करायची? पुढे प्राजक्त, जास्वंद, एखादं बकुळ. बाजूला दोन नारळ. मागे आंबा, फणस, शेवगा, पपई, अळूचा वाफा न्हाणीच्या पाण्यावर. बाकी नुसती लाल माती. लग्न, मुंज, बारसं सगळं त्या मातीवर मांडव घालून व्हायचं. आणि पावसाचं पाणी त्या मातीत मुरायचं. खाली जांभा आहे, भोकाभोकांचा. पाणी त्यातून उतरतं आणि विहिरीत येतं. म्हणून जवळपास प्रत्येक जुन्या घराला विहीर, आणि ती आटल्याचं फारसं कुणी सांगत नाही. राकसकोप जलाशयाचं नळाचं पाणी आलं तसे विहिरींवर पत्रे पडले. पण नव्वदच्या दशकात पाणीटंचाई आली तेव्हा शहरातल्या जुन्या विहिरी उपसून, साफ करून पुन्हा वापरात आणाव्या लागल्या, काँग्रेस विहीरसुद्धा.

माझ्या दृष्टीने टिळकवाडीची श्रीमंती याच न बांधलेल्या पाच गुंठ्यांत होती. दागिन्यांत नव्हती, गाड्यांत नव्हती. बाहेरून ही घरं अगदी साधी. खांबांवर नक्षी नाही, सज्जे नाहीत, मजलेसुद्धा फार थोड्यांना. कंपाउंडची भिंत छातीइतकी, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याने व्हरांड्यातल्या माणसाची चौकशी करावी आणि त्याने “बसा की” म्हणावं एवढी. संध्याकाळी या रस्त्यांनी चालताना निम्म्या घरांशी बोलत जावं लागायचं. एवढी जमीन मोकळी ठेवणं परवडतं आणि ती तशीच ठेवावी असं वाटतं, हा ऐश्वर्याचा प्रकार मला फार मोलाचा वाटतो.

आणि नेमकी हीच जमीन हिशेबात येत नाही. वाटणीचा कागद होतो तेव्हा बांधकाम किती जुनं, किती चौरस फूट, याचा उल्लेख होतो. जागेचा भाव गुंठ्यावर लागतो. विहीर एका ओळीत येते, झाडं येतच नाहीत. भावंडं चार, एक पुण्यात, एक बेंगळूरला, एक परदेशात, आणि जी मागे राहिली तिचं वय पंचाहत्तर. ती छपरावर माणूस कसा चढवणार? पावसाळ्यात रात्री उठून बादल्या कोण लावणार? बिल्डर येतो, जुन्या जागेच्या बदल्यात प्रत्येकाला एकेक फ्लॅट देतो, कुणाचं कुणाशी भांडण होत नाही. मी त्या कुटुंबांना दोष द्यायला तयार नाही. ज्या काकूंच्या घराचं शेवटचं मोजमाप मी केलं त्या मला चहा देता देता म्हणाल्या, “तू घर बघतेस गं, मी जिना बघते.” मागच्या पायऱ्यांवरून त्या दोनदा पडल्या होत्या. नव्या इमारतीला लिफ्ट असणार होती.

मला खटकतं ते एवढंच की नवीन इमारत आली की विहीर बुजते. तिच्यावर पार्किंगचा स्लॅब येतो. उरलेल्या जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर बसतात. आंबा, फणस पहिल्याच आठवड्यात जातात. तीन-चार प्लॉट शेजारीशेजारी असे झाले की जुलैतल्या पहिल्या मोठ्या सरीला रस्त्यावर घोटाभर पाणी, आणि एप्रिलमध्ये त्याच इमारतींच्या दारात टँकर. हे टाळता येतं. घर वाचवणं दर वेळी शक्य नाही, पण विहीर वाचवणं जवळजवळ नेहमी शक्य आहे. ती बहुतेक प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात असते, जिथे नियमाप्रमाणे तशीही मोकळी जागा सोडावी लागते. कठडा उंच करायचा, वर जाळी बसवायची, गच्चीचं पाणी गाळून तिच्यात सोडायचं. प्लॅन काढताना एक वर्तुळ जास्त काढायचं, इतकंच ते काम.

दुसऱ्या गेटाजवळ एका घरी याहून पुढे गेलेले लोक भेटले. तिघं भावंडं. पुढचा व्हरांडा, दिवाणखाना आणि ती बाहेरून दार असलेली ऑफिसची खोली त्यांनी तशीच ठेवली. छताखाली लोखंडी कैच्या घातल्या, वर जुनीच कौलं निवडून बसवली आणि त्यांच्याखाली पत्रा घातला, म्हणजे एखादं कौल सरकलं तरी गळत नाही. मागच्या पडव्या आणि आउटहाउस पाडून तिथे तीन मजली इमारत, प्रत्येकाला एक मजला, लिफ्टसकट. विहीर मधल्या चौकात आली. ऑफिसच्या खोलीत धाकट्या बहिणीची मुलगी दातांचा दवाखाना चालवते, पेशंट त्याच वेगळ्या दाराने येतात. बिल्डरने देऊ केलेल्या फ्लॅटपेक्षा प्रत्येकाला जागा थोडी कमी मिळाली, पण कर्ज काढून का होईना सगळं घरातच राहिलं. त्यांचा प्लॅन आमच्या ऑफिसात झाला आणि माझ्या हातून निघालेल्या नकाशांत तो मला सगळ्यांत आवडतो.

नोकरी संपली तेव्हा साहेबांनी जुन्या घरांच्या ट्रेसिंगच्या गुंडाळ्या मला घरी न्यायला दिल्या. ऑफिसात सगळं कॉम्प्युटरवर गेलं, त्या गुंडाळ्यांना जागा नव्हती. काही कागद पिवळे पडून कडांना तुटायला लागलेत. मुलाने ते स्कॅन करून द्यायचं कबूल केलंय आणि निम्मे झालेतही. घरमालकांची नावं काढून नुसते प्लॅन, रस्त्याचं नाव आणि मोजल्याचं साल, असं मी इथे हळूहळू टाकत जाणार आहे. बांधकाम शिकणाऱ्या मुलांना ते वापरता येतील. चिऱ्याची भिंत, पन्हळीचा उतार, पश्चिमेच्या खिडकीचं माप, हे सगळं त्यांत फुटा-इंचात आहे.

आणि अजून उभी असलेली घरंही मोजायची आहेत. ती पाडणारच असं नाही, पण कागदावर असावीत. तुमचं घर टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर किंवा कुठल्याही जुन्या गल्लीतलं असेल आणि घरच्यांची हरकत नसेल तर खाली लिहून कळवा. पैसे घेत नाही. एका घराला साधारण अर्धा दिवस लागतो, प्लॅनची एक प्रत तुम्हाला मिळेल. फक्त टेपचं दुसरं टोक धरायला घरातलं कुणीतरी हवं, आणि शक्यतो विहिरीवरचा पत्रा आधी बाजूला करून ठेवा.